पाल्याची रांग

दादाने पोटफुगीची नळी दोन्ही मुठींत धरली आणि सगळा भार टाकून ती शिंगमोडी गाईच्या डाव्या भकाळीत, बरगड्यांमागच्या खळग्यात खुपसली. कातडं फाटल्याचा आवाज आला. त्यानंतर पोटातला वारा सुटल्याचा आवाज यायला हवा होता, तो आला नाही. नळीच्या तोंडाशी हिरवट फेस जमला आणि तिथेच बुडबुडत राहिला. दादाने नळी उपसली, दोन बोटं अलीकडे पुन्हा खुपसली. पुन्हा फेस, या वेळी लालसर. शिंगमोडीने मान गव्हाणीवर आपटली, तिचे पुढचे गुडघे मोडले आणि ती खाली कोसळली. दाव्याबरोबर खुंटाही उपटून आला. मागचा एक पाय झाडत राहिला. दुधाचा रिकामा कॅन त्या पायाच्या तडाख्याने पार दारापर्यंत गडगडत गेला. मग पाय थांबला.

दादा उठला. नळी त्याने बाजूला ठेवली, हात विजारीला पुसले आणि बहिणीच्या नवऱ्याच्या तोंडावर मूठ हाणली.

"दाजी," तो म्हणाला, "अहो दाजी, काय खायला घातलंत तुम्ही?"

आणि दुसरी हाणली.

बहिणीच्या नवऱ्याला अरेतुरे करायचं नाही, हे त्या घरचं वळण होतं. त्याचा ओठ फोडावा की नाही, याबद्दल वळणाने काही म्हटलेलं नव्हतं. आणि दादा मोठा वळणाचा माणूस होता.

"पाल्याने मारली," दादा म्हणाला. "तुमच्या पाल्याने मारली माझी शिंगमोडी."

ज्याला सगळे पाठीमागे पालेवाला म्हणत, तो दाजी गव्हाणीला टेकून खाली बसला होता. तोंडात साठलेलं रक्त त्याने नालीत थुंकलं. तो दादाकडे बघतच नव्हता. त्याची नजर रांगेतल्या बाकीच्या गाईंच्या पोटांवर होती.

गोठ्यात दोन रांगा होत्या, मध्ये शेणाची नाली. भिंतीकडच्या गाईंना नुसता चारा. खिडकीकडच्या गाईंना त्याच चाऱ्यावर पालेवाल्याची भुकटी: शेंगांची टरफलं, सावलीत वाळवलेला दोन-तीन झाडांचा पाला, लसणीचा चोथा, सगळं एकत्र दळलेलं. गाईचं पहिलं पोट म्हणजे आंबवणाची टाकी, असं पालेवाला भेटेल त्याला सांगायचा. डोळ्यांना न दिसणारे जीव तिथे चारा आंबवतात, म्हणून गवतावर गाय जगते. पण त्यातलेच काही नुसता वायू करत बसतात, आणि गाय बिचारी तो दिवसभर ढेकरा देऊन घालवते. आपला पाला त्या वायूवाल्यांना गप्प बसवतो. वायू कमी झाला की चाऱ्यातली ताकद दुधात उतरते. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दादा म्हणाला होता, "म्हणजे आमचे दाजी ढेकर दाबून दूध काढणार!" आणि हसता हसता त्याला ठसका लागला होता. तरी गोठ्यातली एक रांग त्याने दिली. बहिणीकडे बघून दिली आणि उठता-बसता ते ऐकवलं.

आज खाद्याच्या कारखान्यातून माणूस यायचा होता. त्याच्यासमोर दोन्ही रांगांची धार काढायची, दूध मोजून दाखवायचं, आणि त्याला पटलं तर पालेवाल्याची भुकटी कारखान्यात बनू लागणार होती. पण सकाळी गवळी धारेला गोठ्यात शिरला तर खिडकीकडची अख्खी रांग माना टाकून उभी. चारा तसाच पडलेला, रवंथ बंद, डाव्या कुशी टम्म फुगलेल्या.

कोठीच्या दारात धाकटी उभी होती. घरात ती धाकटी. लग्न झालं, केस पांढरे व्हायला लागले, तरी धाकटीच. नवऱ्याच्या तोंडावर पडलेले दोन्ही तडाखे तिने पाहिले होते. दोन्ही वेळा एक शब्द तिच्या ओठांपर्यंत आला होता आणि तिने तो गिळला होता. मका.

मका तिने घातला होता.

भुकटी सुरू करून बरेच दिवस झाले तरी दूध जिथल्या तिथे होतं. पालेवाला रोज ते मोजायचा, घरी यायचा आणि पायातले बूट न काढता खुर्चीवर बसून राहायचा. विचारलं तर म्हणायचा, काही नाही. जेवताना घास हातात धरून भिंतीकडे बघायचा. तिला ते बघवेना. एका संध्याकाळी तिने खिडकीकडच्या प्रत्येक गव्हाणीत डबाभर मक्याचा भरडा ओतला आणि वरून चारा पसरला. एकदाच घालू, असं ती स्वतःला म्हणाली होती. थोड्याच दिवसांत दूध वाढलं. पालेवाला मापाचं भांडं हातात घेऊन अंगणातून पळत आला आणि त्याने तिला उचलून गर्रकन फिरवलं. चाळिशी उलटलेल्या बाईला कोणी असं उचलतं का? ती ओरडत होती आणि हसत होती. आणि त्या हसण्यातच तिला कळून चुकलं होतं की आता हे थांबवता येणार नाही.

मग मक्याची पोती खाली बसायला लागली आणि ते दादाच्या लक्षात आलं. कोणी नेला मका, त्याने विचारलं. कोणीच बोललं नाही. कोठीची दुसरी किल्ली गवळ्याकडे असायची. दादाने त्याला अंगणाच्या मधोमध उभं केलं आणि कॅनच्या झाकणाने मारलं. दुसऱ्या फटक्याला जबडा मोडला. दादापेक्षाही वयाने मोठा माणूस, तो खाली बसला आणि हातात हनुवटी धरून नुसता बघत राहिला. तेव्हापासून त्याच्या जबड्याला फडकं बांधलेलं असायचं, त्याला पेजेशिवाय काही खाता यायचं नाही आणि तो बोलत नव्हता. फडकं रोज सकाळी धाकटी बदलायची. पाणी कोमट करून जखम पुसायची, नवं फडकं डोक्यावरून घेऊन मागे गाठ मारायची. "काका, घट्ट होतंय का?" ती विचारायची. तो मान हलवायचा. एवढं केलं की तिला जेवण जायचं.

काल संध्याकाळी, पाहुणा यायचा म्हणून, तिने मका दुप्पट घातला होता.

आता तोंड उघडलं तर दादाचा हात तिच्याकडे वळणार, हे तिला ठाऊक होतं. तो हात ती लहानपणापासून ओळखत होती. तिच्या डाव्या कानाला तेव्हापासूनच नीट ऐकू यायचं नाही. पण तिला खरी भीती त्या हाताची नव्हती. मका म्हटलं की पालेवाल्याला कळणार होतं, की पाल्याने कधी काही केलंच नव्हतं. तो पुन्हा बूट न काढता खुर्चीवर बसणार होता, आणि या वेळी उठणार नव्हता.

"सोडा आणा," पालेवाला म्हणाला. तो उठून उभा राहिला होता. "खायचा सोडा, असेल नसेल तेवढा. आणि यांचं पाणी तोडा."

"तेल पाजायचं," दादा म्हणाला. "फेस दिसत नाही का? फेसाला तेल लागतं."

"तेलही पाजू. आधी सोडा. पोटात सगळं आंबट झालंय."

"तुम्हाला काय माहीत?"

"मला माहीत आहे!"

पालेवाला दादावर ओरडला होता. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. दादाला इतकं नवल वाटलं की तो मारायचाच विसरला.

धाकटी कोठीत पळाली. तिने सोड्याची पिशवी ओढून काढली. ओला कोवळा पाला जास्त झाला की पोटात फेस होतो. आंबट होतं ते धान्याने. हे तिला त्यानेच शिकवलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, गव्हाणीच्या कठड्यावर बसून. म्हणजे त्याने ओळखलं होतं. धान्य आहे हे ओळखलं होतं, आणि आता कोणी घातलं याचा विचार तो करत असणार.

त्यानंतर जे चाललं त्याला औषध पाजणं म्हणायचं आणि मारामारीही म्हणायची. दादाने गाईच्या नाकपुड्यांत बोटं घालून मान वर वळवायची, गवळ्याने पोटाशी खांदा लावून तिला भिंतीला दाबून धरायचं, पालेवाल्याने गालाच्या कोपऱ्यातून बाटली आत सारायची. धाकटी बादलीत सोडा ढवळून बाटल्या भरत होती. पहिल्या गाईने बाटली चावून फोडली. पालेवाल्याने तिच्या तोंडात हात घालून काचा काढल्या, तेव्हा तिचं रक्त कुठलं आणि त्याचं कुठलं हे कळेना. दुसरीने अंग असं झटकलं की गवळी उचलला गेला आणि गव्हाणीच्या कडेवर तोंडावर पडला. त्याच्या फडक्यावर लाल डाग पसरला. तो उठला आणि पुन्हा खांदा लावून उभा राहिला. दादा शिव्या देत होता, गाईंना, दाजींना, सोड्याला, कारखान्याला. मध्येच त्याने एका गाईच्या तोंडावर बुक्की मारली आणि लगेच तिचं कपाळ चोळलं.

कोपऱ्यातली पांढऱ्या कपाळाची गाय या गडबडीत खाली बसली ती पुन्हा उठली नाही. मान पाठीवर टाकून ती कण्हायला लागली. एक लांब सूर, थांबून थांबून. दादाने तिला शेपूट पिरगाळून उठवायचा प्रयत्न केला, लाथ घातली, मग तिच्या डोक्याशी बसून राहिला.

"डॉक्टरला बोलावलंय, तो येईपर्यंत टिकेल का?"

"नाही," पालेवाला म्हणाला.

दादा खुंटे ठोकायचा घण घेऊन आला. त्याने तिच्या कानामागे एकदा हात फिरवला आणि घण कपाळावर घातला. पहिला नीट बसला नाही. गाय ओरडली, आणि पलीकडच्या रांगेतल्या गाईही ओरडल्या. दुसऱ्या घावाला ती शांत झाली. दादाच्या गालावर रक्ताचे शिंतोडे उडाले होते आणि तो रडत होता. रडतानाही त्याचा चेहरा रागावलेलाच दिसायचा, त्यामुळे ते चटकन कळायचं नाही.

मग खिडकीशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या गाईने मान ताणली. तिच्या गळ्यातून काहीतरी वर सरकताना दिसलं, आणि तिने एक लांब, आंबट ढेकर दिली. थोड्या वेळाने तिच्या शेजारणीने दिली. ज्या ढेकरेवर या घरात इतकं हसून झालं होतं, तिच्यासाठी आता चौघंही श्वास रोखून उभे होते. तिसरीने दिली तेव्हा पालेवाल्याने भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले.

"वाचतील या," तो म्हणाला.

"दोन मेल्या त्यांचं काय?" दादा म्हणाला. "कशाने मेल्या, ते बघायचंय मला. शिंगमोडीला फाडतो. तुमचा कारखानेवाला येऊ द्या, त्याच्यासमोर उघडून ठेवतो तुमचा पाला."

धाकटीच्या हातातली बाटली बादलीत पडली.

"कशाला, दादा?" ती म्हणाली. "गेली ती गेली. पुरून टाकू."

"तू आत जा."

ती आत गेली नाही. पालेवालाही म्हणाला, "दादा, राहू द्या आता," आणि त्याचा आवाज असा आला की तिने चमकून त्याच्याकडे पाहिलं. तो घाबरला होता. मार खाताना घाबरला नव्हता आणि आता घाबरला होता.

चौघांनी दोर लावून शिंगमोडीला अंगणात ओढलं. दादाने सुरी कमरेच्या पट्ट्यावर दोनदा घासली आणि डाव्या कुशीवर वरपासून खालपर्यंत चीर दिली. आतलं पोट फुगून बाहेर आलं, ओल्या गोणपाटासारखं. त्यावर सुरी टेकवताच वाफ आणि वास एकदम सुटला. नासलेल्या पिठाचा वास, नाकात झोंबणारा. धाकटीने तोंड फिरवलं. आता सगळ्यांना कळणार, तिला वाटलं, या वासावरूनच कळणार. पण दादाला वासाशी देणंघेणं नव्हतं. वर चाऱ्याचा जाड, हिरवा थर तरंगत होता. त्याने दोन्ही हात घातले आणि ओंजळभर हिरवं उपसलं.

"हा बघा!" तो म्हणाला. "हा बघा पाला!"

त्याने ते पालेवाल्याच्या तोंडाला फासलं. पालेवाला मागे सरला, तर दुसऱ्या हाताने त्याची मान धरली आणि हिरवा चोथा त्याच्या फुटलेल्या ओठांवर रगडला.

"खा. गाईंना घातलास ना? खा तू. खा!"

तो तू म्हणाला होता. धाकटीला त्या मारापेक्षा तेच जास्त लागलं, आणि लागलं याचा तिला रागही आला.

"दादा, सोड त्यांना!"

ती मध्ये पडली. दादाचं कोपर तिच्या छातीत बसलं आणि ती चिखलात मागे पडली. तेवढ्यात फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. दादाने मान सोडली, घोगऱ्या आवाजात स्वतःशीच काहीतरी म्हणाला आणि सुरी हातात तशीच घेऊन फाटक उघडायला गेला.

पालेवाल्याने बाहीने तोंड पुसलं. मग तो शिंगमोडीच्या पोटाशी गुडघ्यांवर बसला आणि त्याने उजवा हात आत घातला, कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. चारा वर तरंगतो, धान्य जड, ते तळाला जाऊन बसतं. गाल गाईच्या बरगड्यांना टेकवून तो आत चाचपत होता. धाकटी चिखलातून सरकत त्याच्याजवळ आली. त्याने मूठ बाहेर काढली, उघडली, आणि अंगठ्याने वरचा चोथा बाजूला केला.

मक्याचे पिवळे कण. फुगलेले, पांढरट झालेले, पण मकाच.

धाकटीने मान खाली घातली. तो काय म्हणेल याची वाट बघत ती बसली. मग तिने पुन्हा वर पाहिलं, आणि तेव्हा तिला बाकीचं दिसलं. मक्याच्या कणांमध्ये गहू होते. अख्खे, टरारून फुगलेले, मधोमध उकललेले. मक्यापेक्षा गहूच जास्त होते.

गव्हाला तिने हात लावला नव्हता. गव्हाचं एकच पोतं होतं, ते पालेवाल्याच्या पाला वाळवायच्या खोलीत, आणि त्या खोलीची किल्ली त्याच्या कमरेला. पोतं खाली चाललंय असं तिने एकदा म्हटलं होतं. उंदीर झालेत, तो म्हणाला होता. तिने बाजारातून सापळा आणला, स्वतःच्या हाताने लावला. आत कधी काही सापडलं नाही. उंदीर हुशार आहेत हो तुमचे, असं ती त्याला चिडवायचीसुद्धा.

ती गव्हाकडे बघत होती आणि तो मक्याकडे.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"दूध वाढायच्या आधीपासून," ती म्हणाली. "तुमचं तोंड बघवत नव्हतं. आणि तुम्ही?"

"वाढल्यावर. परत खाली आलं असतं तर..." तो थांबला. "भुकटीच्या टोपलीत तळाशी घालायचो. त्या दिवशी तुला उचलून फिरवलं, तेव्हा तू हसत होतीस ना, तेव्हाच ठरवलं. हे हसणं जाऊ द्यायचं नाही."

"काल मी दुप्पट घातला."

"मीपण."

ती हसली की रडली हे तिचं तिलाच कळलं नाही. पाल्याने दूध वाढतं की नाही, हे आता जगात कोणालाच सांगता आलं नसतं. कदाचित वाढत असेल. कदाचित सुरुवातीचे काही दिवस आणखी धीर धरला असता तर कळलंही असतं. गाईच्या गरम रक्ताने भरलेल्या त्या तळव्यावर तिने आपला हात ठेवला.

मग तिला समोर पाय दिसले. गवळी दोर गुंडाळत तिथेच उभा होता. तो खाली वाकला आणि पालेवाल्याच्या तळहातावरून मक्याचा एक कण त्याने बोटाच्या टोकावर उचलला. डोळ्यांसमोर धरून बराच वेळ बघितला. गव्हाकडे त्याने लक्षही दिलं नाही. मग त्याने धाकटीकडे पाहिलं. रोज सकाळी, फडकं बांधून घेताना, तो डोळे मिटून घ्यायचा. एवढ्या जवळून त्याने तिच्याकडे आज पहिल्यांदाच पाहिलं होतं.

"या, या बाई," दादाचा आवाज आला. "अशा इकडून या, पाय जपून."

कारखान्यातून एक बाई आल्या होत्या. स्वच्छ रबरी बूट, हातात पिशवी. मेलेली गाय बघून त्या थबकल्या नाहीत, उलट जवळ येऊन वाकल्या. पालेवाल्याने मूठ मिटली.

"काय निघालं?" दादाने विचारलं.

"पाला," पालेवाला म्हणाला. "तुम्ही म्हणालात तेच. माझा पाला जास्त झाला. चूक माझी आहे, दादा."

दादा धाकटीकडे वळला.

"पालाच आहे," ती म्हणाली.

बाईंनी नाकाशी हात नेला. "वास फार आंबट आहे," त्या म्हणाल्या. "नुसत्या पाल्याचा असा येत नाही. दाणा पडला होता का पोटात? गहू, मका, असं काही?"

"दाणा?" दादा हसला. पाहुण्यांसमोर तो नेहमी हसायचा. "बाई, आमच्या गोठ्यात दाण्याला चोराशिवाय कोणी हात लावत नाही. हा काय, उभा आहे समोर." त्याने सुरीची बोथट बाजू गवळ्याच्या खांद्यावर हलकेच आपटली. "काय रे? गाईला घालतोस का आता? आपलं पोट भरलं वाटतं!"

गवळ्याने दोर खाली ठेवला. त्याने दोन्ही हात डोक्यामागे नेले आणि फडक्याची गाठ शोधली.

पालेवाल्याने बसल्या जागेवरून मान हलवली, अगदी थोडी. नको. गवळ्याचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. त्याची बोटं चाऱ्याने आणि रक्ताने बुळबुळीत झाली होती, गाठ त्यांतून निसटत होती. फडकं रक्ताने भिजून वाळलं होतं, त्यामुळे ती आणखीच आवळली होती. त्याने पुन्हा ओढून पाहिलं.

"हा बोलणार वाटतं," दादा म्हणाला. तो अजून हसत होता.

धाकटी उठली. हात पदराला पुसून ती गवळ्याच्या मागे गेली.

"थांबा, काका," ती म्हणाली. "माझ्या हातची गाठ आहे. तुम्हाला नाही सुटायची."

तिने नखाने गाठीचा एक वेढा सैल केला, मग दुसरा. गाठ सुटली. फडकं हनुवटीपासून सोडवताना ते जखमेला चिकटलं होतं, म्हणून तिने हळूहळू सोडवलं. गवळ्याने जबडा एकदा इकडून तिकडे हलवून पाहिला.

धाकटीने फडक्याची घडी घातली आणि ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिचा ऐकू येणारा कान दादाच्या हाताच्या बाजूला आला होता. तिने तो तसाच राहू दिला.